फाइल समोर दिसतेय तरी 'नो सच फाइल' का? लिनक्सवर गेम सर्व्हर सुरू होत नसेल तर कुठून बघायला लागायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ६४ बिट डेबियन, कोरं मशीन, त्यावर काउंटर-स्ट्राइक १.६ चा डेडिकेटेड सर्व्हर लावायचाय. स्टीमसीएमडी (गेम सर्व्हर उतरवायचं स्टीमचं कमांड टूल) उतरवून एक्स्ट्रॅक्ट केलं, एलएस (फाइलींची यादी) केलं की फाइल दिसते, चालवायला गेलं की 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) करून झालं, सुडो (रूट, म्हणजे ॲडमिन, म्हणून चालवणं) लावून झालं, फरक शून्य. आणि त्याच प्रश्नात पुढे असंही, की दुसऱ्या मशीनवर हाच सर्व्हर सुरू तरी होतो पण बाहेरून कोणालाच जॉइन होता येत नाही, आणि एसएसएच (दुरून मशीनवर केलेलं लॉगिन) बंद केलं की सर्व्हरही जातो.

हे तीन वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत, आणि ते एकत्र सोडवायला गेलात तर एकही सुटणार नाही. सर्व्हर सुरू होणं म्हणजे एकच गोष्ट नसते, आधी कर्नल (सिस्टीमचा गाभा) फाइल उघडतो, मग लोडर प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ऱ्या जोडतो, मग प्रोग्रॅम स्वतःच्या कॉन्फिग आणि मॅप वाचतो, मग पोर्ट पकडतो, मग बाहेरचं पॅकेट त्याच्यापर्यंत पोचतं. यातल्या कुठल्या पायरीवर अडकलंय ते आधी ठरवायचं, मगच काहीतरी बदलायचं. आणि एका वेळी एकच बदल, नाहीतर शेवटी चाललं तरी कशामुळे चाललं ते कळत नाही आणि पुढच्या अपडेटला परत तिथेच येता.

आता तुमचा पहिला एरर. लिनक्स३२ फोल्डरमधली स्टीमसीएमडी फाइल समोर दिसतेय आणि शेल (तुमच्या कमांड घेणारा प्रोग्रॅम) म्हणतं फाइलच नाही. खरं म्हणजे शेल बरोबर सांगतंय, फक्त कुठली फाइल नाही ते सांगत नाही. ही बायनरी, म्हणजे तयार प्रोग्रॅमची फाइल, ३२ बिट आहे. असा प्रोग्रॅम चालवताना कर्नल त्याच्या हेडरमध्ये बघतो की मला लोड करायला कोणता लोडर हवा, तिथे लिहिलेलं असतं /लिब फोल्डरमधला एलडी-लिनक्स.एसओ.२. तुमच्या निव्वळ ६४ बिट मशीनवर हा लोडर नाहीच, तिथे आहे तो /लिब६४ मधला एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२. कर्नलला लोडर सापडत नाही, तो 'सापडलं नाही' एवढाच कोड परत देतो, आणि शेल त्या कोडपुढे तुम्ही टाइप केलेलं नाव चिकटवून दाखवतं. म्हणून वाटतं की तुमची फाइल हरवलीये. नव्या बॅशमध्ये (लिनक्सवरचं नेहमीचं शेल), म्हणजे ५.२ पासून, 'रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड' असं थोडं बरं वाक्य येतं, पण जुन्या सिस्टीमवर तोच जुना गोंधळ.

याची खात्री करायला फाइल नावाची कमांड चालवा, त्या बायनरीवर. 'ईएलएफ ३२-बिट, इंटेल ८०३८६' असं काहीतरी येईल आणि पुढे इंटरप्रिटर म्हणून तो लोडरचा पाथ. मग यूनेम -एम करून आपलं मशीन कोणतं ते बघा. इथे एक सापळा आहे ज्यात बरेच जण अडकतात: लोक लगेच एलडीडी (प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ऱ्या दाखवणारी कमांड) चालवतात, आणि ३२ बिटचा लोडर नसलेल्या मशीनवर एलडीडी म्हणतं 'नॉट अ डायनॅमिक एक्झिक्युटेबल'. ते वाचून माणूस समजतो की डाउनलोड खराब झालाय, परत उतरवतो, परत तेच. डाउनलोड ठीक असतो. एलडीडीलाही तोच लोडर लागतो म्हणून ते तसं बोलतं. म्हणून आधी फाइल, नंतर एलडीडी, हा क्रम सोडू नका.

उपाय सोपा आहे. डेबियन-उबंटूवर डीपीकेजी (पॅकेज लावणारी कमांड) ला --ॲड-आर्किटेक्चर आय३८६ सांगा, एपीटी अपडेट करा, आणि लिब३२जीसीसी-एस१ व लिब३२एसटीडीसी++६ ही पॅकेजं टाका. जुन्या लेखांमध्ये लिब३२जीसीसी१ असं नाव दिसेल, ते डेबियन १० पर्यंतचं, ११ पासून नाव बदललंय, त्यामुळे 'पॅकेज सापडत नाही' आलं तर घाबरू नका. रेड हॅटच्या घराण्यातलं काही असेल तर जीलिबसी (जवळजवळ सगळे प्रोग्रॅम वापरतात ती मूळ सी लायब्ररी) आणि लिबएसटीडीसी++ या दोन्हींची .आय६८६ वाली पॅकेजं. हे झाल्यावर एलडीडी परत चालवा, आता ते खरं बोलेल, आणि एखाद्या ओळीपुढे 'नॉट फाउंड' असेल तर तेवढीच लायब्ररी राहिलीये.

यूनेमने एआर्च६४ असं दाखवलं, म्हणजे एआरएम मशीन असेल, तर वरचं काहीच लागू नाही. तिथे एरर सहसा 'एक्झेक फॉरमॅट एरर' असा येतो आणि इंटेलसाठी बनवलेली बायनरी त्या प्रोसेसरवर थेट चालणारच नाही, मध्ये बॉक्स८६सारखा एम्युलेटर टाकावा लागतो किंवा सरळ दुसरं मशीन घ्यावं लागतं. मला विचाराल तर दुसरं मशीन.

याच एररचं दुसरं कारण स्क्रिप्टमध्ये असतं. विंडोजवर नोटपॅडमध्ये स्टार्ट स्क्रिप्ट लिहिली आणि वर चढवली, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक कॅरेज रिटर्न जास्तीचा येतो. पहिल्या ओळीत /बिन/बॅश असं तुम्हाला दिसतं पण कर्नल वाचतो /बिन/बॅश आणि त्यापुढे तो न दिसणारा कॅरेक्टर, आणि अशा नावाचा प्रोग्रॅम जगात कुठेच नाही. कॅट -ए करून बघा, ओळीच्या शेवटी टोपीवाला एम दिसला की हेच. डॉसटूयुनिक्स चालवा, संपलं. कॉन्फिग फाइललाही हाच रोग होतो आणि तिथे तर जास्त छळतो, कारण तिथे एरर येतच नाही, फक्त मॅपच्या नावापुढे तो कॅरेक्टर चिकटतो आणि मॅप सापडत नाही. फ्रीबीएसडीवर असाल तर अजून एक, तिथे बॅश /बिन मध्ये नसतो, /यूएसआर/लोकल/बिन मध्ये असतो, तेव्हा लिनक्सवरून उचललेली स्क्रिप्ट याच एररने पडते. पहिल्या ओळीत /यूएसआर/बिन/एन्व्ह बॅश लिहिलं की दोन्हीकडे चालतं. अर्थात लिनक्सची बायनरी चालवायला तिथे लिनक्स कंपॅटिबिलिटीचं मॉड्यूलही लोड असावं लागतं.

आता सीएचमॉड ७७७ आणि सुडो. हे दोन्ही कृपा करून थांबवा. 'परमिशन डिनाइड' आला असता तर परमिशनकडे बघायचं, तुम्हाला तो एरर आलेलाच नाही. आणि तो आला तरी लागतं ते फक्त +एक्स (चालवायची परवानगी), ७७७ मुळे मशीनवरचा कुठलाही यूजर तुमची स्क्रिप्ट बदलू शकतो. +एक्स असूनही परमिशन डिनाइड येत असेल तर माउंट कमांड बघा, ते पार्टिशन नोएक्झेकने (तिथून प्रोग्रॅम चालवायला मनाई) माउंट केलेलं असू शकतं, /टेम्प किंवा वेगळ्या डेटा डिस्कवर असं बऱ्याचदा असतं. सुडोचं नुकसान तर नंतर कळतं: एकदा रूट म्हणून सर्व्हर चालवला की लॉग, कॅशे, डाउनलोड झालेल्या फाइल या सगळ्या रूटच्या मालकीच्या होतात आणि मग साध्या यूजरने चालवलं की लिहिता येत नाही म्हणून सर्व्हर पडतो, आणि माणूस म्हणतो बघा सुडोशिवाय चालतच नाही. वेगळा यूजर बनवा, सीएचओन -आर करून सगळा फोल्डर त्याच्या नावावर करा, आणि त्या यूजरनेच चालवा. गेम सर्व्हर बाहेरच्या अनोळखी लोकांकडून पॅकेट घेऊन वाचत बसतो, जुन्या इंजिनांमध्ये त्या वाचण्यातच भोकं निघालेली आहेत, अशा प्रोग्रॅमला रूट देणं म्हणजे अख्खं मशीन देणं. सर्व्हरचा २७०१५ हा पोर्ट १०२४ च्या वरचा आहे, त्याला रूट लागतही नाही.

स्टीमसीएमडी चाललं की पुढे गेम उतरवताना अजून एक अडथळा येईल, आत्ताच सांगून ठेवतो. गोल्डसोर्सच्या (काउंटर-स्ट्राइक १.६ ज्या इंजिनवर चालतं त्याच्या) सर्व्हरचा ॲप नंबर ९०, आणि काउंटर-स्ट्राइकसाठी आधी ॲप_सेट_कॉन्फिग ९० मॉड सीस्ट्राइक द्यायचं मग ॲप_अपडेट ९० व्हॅलिडेट. हे पहिल्या फेरीत बहुतेक अर्धवट उतरतं आणि अपडेट जॉब नंतर स्टेट अमुक अमुक असा एरर देतं. हा जुना आणि सगळ्यांना माहीत असलेला दोष आहे, तुमच्या नेटचा नाही. तीच कमांड परत परत द्या, 'फुली इन्स्टॉल्ड' येईपर्यंत. अर्धवट उतरलेल्यावरच सर्व्हर चालवला तर पुढे भलतेच एरर येतील आणि त्यांच्या मागे लागण्यात दिवस जाईल.

मग एचएलडीएस_रन, म्हणजे सर्व्हर सुरू करायची फाइल. ही बायनरी नाही, शेल स्क्रिप्ट आहे, आतून एचएलडीएस_लिनक्सला बोलावते आणि तो पडला की दहा सेकंदांनी परत सुरू करते. चालू सर्व्हरसाठी हे छान आहे पण बिघाड शोधताना घातक, कारण खरा एरर वर सरकून जातो आणि खाली फक्त 'रीस्टार्ट इन १० सेकंद्स' दिसत राहतं. लोक शेवटच्या चार ओळी कॉपी करून पाठवतात आणि त्यात काहीच नसतं. शोधाशोध चालू असेपर्यंत -नोरीस्टार्ट लावा आणि आउटपुट टी कमांडने फाइलमध्ये घ्या, मग वरून खाली वाचा, वाचताना पहिली तक्रार कुठे झाली ते शोधा, नंतरच्या बऱ्याचशा तिच्यामुळेच आलेल्या असतात.

त्यात दोन ओळी हमखास दिसतील. एक, .स्टीम/एसडीके३२ मधला स्टीमक्लायंट.एसओ लोड करता आला नाही अशी. होम फोल्डरमध्ये .स्टीम/एसडीके३२ बनवा आणि स्टीमसीएमडीच्या लिनक्स३२ मधल्या त्या फाइलची सिमलिंक (शॉर्टकट) तिथे द्या. ६४ बिट सर्व्हर असेल तर एसडीके६४. दुसरी, 'अनएबल टू लोकेट अ रनिंग इन्स्टन्स ऑफ स्टीम', ती डेडिकेटेड सर्व्हरवर येतेच, तिच्यानंतर सर्व्हर पुढे जात असेल तर सोडून द्या.

जुन्या सोर्स (गोल्डसोर्सनंतरच्या) इंजिनच्या गेममध्ये अजून एक प्रकार होतो, गेमने स्वतःबरोबर जुनी लिबजीसीसी_एस.एसओ.१ बिन फोल्डरमध्ये आणलेली असते आणि सिस्टीमची नवी लायब्ररी तिच्याशी पटत नाही, 'व्हर्जन नॉट फाउंड' येतं. तिचं नाव बदलून बाजूला ठेवा, म्हणजे सिस्टीमची उचलली जाईल. पण हाच 'व्हर्जन नॉट फाउंड' जर जीलिबसीबद्दल असेल तर गोष्ट वेगळी, तिथे तुमचं डिस्ट्रोच (मशीनवरची लिनक्सची आवृत्ती) जुनं आहे. कुठून तरी नवी जीलिबसी आणून सिस्टीमवर चढवू नका, एलएस सुद्धा चालणार नाही मग. नवं डिस्ट्रो किंवा कंटेनर (मशीनच्या आत वेगळी बंदिस्त सिस्टीम), हेच दोन रस्ते. अल्पाइन लिनक्सवर तर जीलिबसीच नसते, मसल नावाची दुसरी सी लायब्ररी असते, तिथे हे सर्व्हर लावायच्या भानगडीत पडू नका.

काही एरर न येता गप्प बंद होत असेल तर लगेच एको $? करा, तो आकडा बरंच सांगतो. १२६ म्हणजे फाइल सापडली पण चालवता आली नाही, १२७ म्हणजे सापडलीच नाही, १३९ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट, आणि १३७ म्हणजे कोणीतरी नऊ नंबरचा सिग्नल देऊन मारलं. कमी रॅमच्या भाड्याच्या मशीनवर हा 'कोणीतरी' बहुतेक वेळा कर्नलचा ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा) असतो, डीमेसेजमध्ये (कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) 'आउट ऑफ मेमरी' शोधा. माइनक्राफ्ट लावणाऱ्यांना हे जास्त भोगावं लागतं कारण ते मशीनमध्ये जेवढी रॅम तेवढीच -एक्सएमएक्स (जावाच्या हीपची, म्हणजे मुख्य मेमरीची, मर्यादा) ला देतात, जावाला त्या हीपच्या बाहेरही मेमरी लागते हे विसरून. माइनक्राफ्टचाच विषय निघालाय तर, 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' म्हणजे जावा जुनी, १.१८ ला जावा १७ लागते आणि १.२०.५ पासून २१. आणि पहिल्यांदा सुरू होऊन लगेच बंद झाला तर यूला.टीएक्सटी मध्ये ट्रू लिहायचं राहिलंय.

डिस्क भरलीये का तेही बघाच, डीएफ -एच आणि डीएफ -आय दोन्ही, जागा असते पण आयनोड (फाइलींच्या नोंदी) संपलेले असतात असंही होतं. आणि मॅपची नावं, लिनक्सला मोठं अक्षर आणि छोटं अक्षर वेगळं, विंडोजवर चालणारा कस्टम मॅप इथे फक्त फोल्डरच्या नावातल्या एका कॅपिटलमुळे सापडत नाही.

आता दुसरं मशीन, जिथे सर्व्हर चालतो पण कोणाला दिसत नाही. इथे लोक सरळ फायरवॉल बंद करून टाकतात. त्याआधी सर्व्हर कुठे ऐकतोय ते बघा: एसएस -एलयूएनपी. यू महत्त्वाचा आहे, खेळाचं ट्रॅफिक यूडीपीवर (पॅकेट पाठवायचा एक प्रकार, टीसीपी हा दुसरा) आहे, टीसीपीची यादी बघून 'पोर्ट उघडलाच नाही' म्हणणारे खूप भेटतात, आणि टेलनेटने (तेही टीसीपीच) पोर्ट तपासणारेही. यादीत २७०१५ समोर १२७.०.१.१ दिसलं तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं. डेबियन इन्स्टॉल होताना /ईटीसी/होस्ट्स मध्ये मशीनचं नाव १२७.०.१.१ ला जोडतं, सर्व्हर स्वतःचा पत्ता शोधायला होस्टनेम विचारतो, त्याला हा पत्ता मिळतो आणि तो तिथेच बसतो. म्हणजे घरातल्या घरात दार उघडून बसलाय. +आयपी ०.०.०.० देऊन सुरू करा. इथे बाहेरचा पब्लिक आयपी टाकू नका जर तो थेट मशीनच्या कार्डावर नसेल, 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस' येईल. बऱ्याच क्लाउड मशीनवर पब्लिक आयपी एनएटीच्या (पत्ता बदलून पॅकेट पुढे पाठवणारी व्यवस्था) पलीकडे असतो, आयपी ॲडर कमांडमध्ये जो दिसतो तोच मशीनचा.

'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' आला तर बहुतेक आधीच्या प्रयत्नातला सर्व्हर मागे चालूच राहिलाय, एसएसच्या यादीत पीआयडी (प्रोसेसचा नंबर) असतो, तो बघून बंद करा. सोर्सचे सर्व्हर तर पोर्ट अडलेला असला की गुपचूप २७०१६ वर जाऊन बसतात आणि तुम्ही २७०१५ वर शोधत राहता, तिथे -स्ट्रिक्टपोर्टबाइंड लावलेलं बरं.

+मॅप डीई_डस्ट२ सारखं काहीतरी दिलंय ना? मॅप न देता सुरू केला तर एचएलडीएस कन्सोल दाखवत बसतो पण खेळ चालूच नसतो. आणि जॉइन करणाऱ्याला 'लॅन सर्व्हर्स आर रिस्ट्रिक्टेड टू लोकल क्लायंट्स' असं दिसत असेल तर एसव्ही_लॅन ० करा, त्यात फायरवॉलचा काही दोष नाही.

एवढं सगळं बरोबर असेल तरच फायरवॉल. पॅकेट दाखवणारी कमांड टीसीपीडम्प -एन -आय एनी यूडीपी पोर्ट २७०१५ चालू ठेवा आणि बाहेरून कोणालातरी जॉइन करायला सांगा. पॅकेट दिसलंच नाही तर अडथळा मशीनच्या बाहेर आहे, म्हणजे क्लाउडच्या पॅनेलमधला सिक्युरिटी ग्रुप किंवा घरचा राउटर, मशीनवरचं यूएफडब्ल्यू (फायरवॉल) बंद करून काही होणार नाही. पॅकेट आत येताना दिसलं पण उत्तर जात नसेल तर मशीनचा फायरवॉल, कारण टीसीपीडम्प येणारं पॅकेट फायरवॉलच्या आधी बघतो. या एका कमांडने अर्धी शोधाशोध वाचते, ती शिकून घ्याच. घरून चालवत असाल आणि राउटरवर फॉरवर्डिंग करूनही काही येत नसेल तर राउटरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी बघा, तो १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला असेल तर तुमच्या आणि इंटरनेटच्या मध्ये प्रोव्हायडरचा अजून एक एनएटी आहे आणि तुमच्या राउटरवर काहीही केलंत तरी बाहेरचं कोणी आत येणार नाही. प्रोव्हायडरकडून पब्लिक आयपी घ्या किंवा सर्व्हर भाड्याच्या मशीनवर न्या.

राहिलं एसएसएच बंद केल्यावर सर्व्हर जाणं. टर्मिनल गेलं की त्याच्या प्रोसेसना हँगअप सिग्नल जातो, म्हणून. स्क्रीन किंवा टीमक्समध्ये (लॉगिन तुटलं तरी चालू राहणारं टर्मिनल) चालवा, स्क्रीनमध्ये असाल तर कंट्रोल-ए मग डी दाबून बाहेर या, नंतर स्क्रीन -आर ने परत कन्सोलवर. नोहप (हँगअप सिग्नलकडे दुर्लक्ष करायला लावणारी कमांड) नका वापरू, सर्व्हर चालतो पण कन्सोल हातातून जातो आणि कोणाला किक करायचं म्हटलं तरी पंचाईत. स्क्रीनमध्ये असूनही लॉगआउटनंतर मरत असेल तर सिस्टमडीचं (मशीनवरच्या सर्व्हिस सांभाळणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) किलयूजरप्रोसेसेस चालू आहे का बघा, त्यावर लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर तुमच्या यूजरसाठी करून स्क्रीन सिस्टमडी-रन --यूजर --स्कोप मधून सुरू करा.

कायमचं लावायचं तर सिस्टमडीचं युनिट, म्हणजे सर्व्हिसची फाइल. त्यात यूजर द्या, एक्झेकस्टार्टला पूर्ण पाथ द्या, आणि वर्किंगडिरेक्टरी विसरू नका, हाताने चालतं पण युनिटमधून चालत नाही याचं सगळ्यात मोठं कारण हेच, सर्व्हर आपल्या फाइल सध्याच्या फोल्डरपासून शोधतो आणि सिस्टमडी त्याला रूट फोल्डरमध्ये (/) उभं करतं. स्टेटसमध्ये २००/सीएचडीआयआर आलं तर फोल्डरचा पाथ चुकला, २०३/एक्झेक म्हणजे प्रोग्रॅमच चालवता आला नाही, इथे वरचं सगळं लोडरचं आणि कॅरेज रिटर्नचं परत आठवा, २१७/यूजर म्हणजे त्या नावाचा यूजर नाही. दुसरी गोष्ट, सिस्टमडी प्रोग्रॅमला कीबोर्ड देत नाही, इनपुट /डेव्ह/नल (कायम रिकामी फाइल) असतं, आणि काही गेम सर्व्हर इनपुट संपलं असं समजून बंद होतात किंवा सीपीयू शंभर टक्के खात बसतात. म्हणून युनिटमध्येही स्क्रीनच चालवायची, पण -डीएमएस मधला पहिला डी कॅपिटल ठेवून आणि टाइप सिंपल देऊन, कारण स्मॉल डीने स्क्रीन मागे जाऊन मूळ प्रोसेस संपते आणि सिस्टमडीला वाटतं काम झालं, मग ते उरलेलं सगळं मारून टाकतं.

आधी पहिल्या मशीनवर फाइल, यूनेम -एम आणि पॅकेज टाकल्यानंतरचं एलडीडी, या तीन कमांडचं आउटपुट जसंच्या तसं पाठवा, आणि दुसऱ्या मशीनचं एसएस -एलयूएनपी. स्क्रीनशॉट नको, टेक्स्टच द्या, आणि तोवर दोन्ही मशीनवर दुसरं काही बदलू नका.